पैरेकरी

कागदावर मी लिहिलं होतं, "तांत्रिक सहसंस्थापक पाहिजे." मामंजींनी तो दिव्याखाली धरून सावकाश वाचला आणि विचारलं, "ह्यो तांत्रिक म्हंजे कसला? अंगारे-धुपारेवाला?"

चूक त्यांची नव्हती. साध्या गरजेला मी मंत्र्याच्या भाषणातला कोट चढवला होता. मग सोप्या शब्दांत सांगायला बसले. मी मुलांना रानात नेते, झाडं, पाखरं, किडे दाखवते. ते शिबिराच्या दोन दिवसांपुरतं राहतं. मुलं घरी गेली की संपलं. ते त्यांच्या रोजच्या दिवसात शिरावं, पन्हाळ्याखालच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांपर्यंत जावं असं वाटत असेल, तर फोनवर चालणारं काहीतरी उभं करायला हवं. ते मला येत नाही. येणारा माणूस हवाय. पगारी नको, बरोबरीचा हवा. कामात निम्मा, तोट्यात निम्मा आणि झालाच तर फायद्यातही.

"मग पैरेकरी पाहिजे म्हण की," मामंजी म्हणाले आणि कागद परत दिला.

पैरा हा शब्द मी या घरात आल्यावर पहिल्यांदा ऐकला. ज्याच्या दावणीला एकच बैल, त्यानं नांगरायचं कसं? तो आपल्यासारखाच एका बैलाचा धनी शोधतो. दोघांचे बैल एका जुवाखाली येतात. आज तुझं रान, उद्या माझं. पैशाचा संबंध नाही, हिशेब दिवसांचा, आणि तोही तोंडी. ट्रॅक्टर आले तसा बैलांचा पैरा मागं पडला. बायकांचा भांगलणीचा पैरा आमच्याकडे अजून चालतो. "बैल मागनं बघायचा," मामंजी सांगायचे, "आधी त्येचा धनी सकाळी कवा उठतोय ते बघायचं."

कागदावरची ओळ मी खोडली नाही. इंजिनिअरिंग कॉलेजच्या फलकावर ‘पैरेकरी पाहिजे’ लावलं असतं तर कोण आलं असतं? पण मनात शब्द तोच बसला.

आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी अकरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत सक्तीचा करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये दिला. हेतू फार चांगला. पुढे त्याचं काय झालं ते कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात बघायला मिळतं. तिथे पर्यावरणाचे प्रकल्प तयार मिळतात, सुबक अक्षरात, चिकटवलेल्या चित्रांसकट. ‘आमच्या परिसरातील जैवविविधता’ या प्रकल्पात मी एकदा पेंग्विन पाहिला. मुलाला विचारलं, "हा कुठं भेटला?" तो म्हणाला, "बाई, दुकानात हाच शिल्लक होता." त्याच वर्षी मी नोकरी सोडली असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तसं नाही, त्यानंतर तीन वर्षं मी तसेच प्रकल्प तपासत होते.

पन्हाळ्यावर माणसं येतात ती इतिहासासाठी. यावंच. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात पन्हाळा आहे. तेव्हापासून रविवारी गडावर गाडी लावायला जागा मिळत नाही. गाईड तीन दरवाजा दाखवतात, अंधारबाव दाखवतात, अंबरखान्यात गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं ते सांगतात. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० ची ती जुलैतली पावसाची रात्र, शिवा काशीद, बाजीप्रभू. ऐकताना माझ्याही अंगावर अजून काटा येतो. पण गाईडच्या तोंडी झाड येत नाही. अंधारबावेच्या दगडांत मुळं रोवून उभा असलेला उंबर, पावसाळ्यात कड्याच्या झुडपात वेटोळं घालून बसलेला हिरवा चापडा, पहाटे शीळ घालणारा कस्तुर हे गडाचे रहिवासी नाहीतच जणू. आणि गंमत अशी की या गावाचं जुनं नाव पन्नगालय. सापांचं घर. ज्यांच्या नावावर घर त्यांचाच घरपट्टीच्या यादीत पत्ता नाही.

तर मी झाडांची गाईड झाले. तबक उद्यानात, पुसाटीच्या बाजूला, मसाई पठारावर. पोट भरतं, फार नाही.

पहिला उमेदवार पुण्याचा. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर, वय पस्तिशीच्या आत, बोलणं नम्र. व्हिडिओ कॉलसाठी मी सज्जाकोठीच्या अलीकडच्या कठड्यावर बसले होते, कारण घरात रेंज नव्हती. धुकं इतकं की त्याला माझ्यामागे नुसता पांढरा पडदा दिसत होता. मी स्टुडिओत बसलेय असं त्याला वाटलं. त्यानं विचारलेल्या प्रश्नांत एकही वावगा नव्हता. पैसे कोण देणार, पालक की शाळा? पहिली हजार मुलं कुठून येणार? दुसऱ्या वर्षी ती का थांबतील? मला निम्म्यांची उत्तरं आली नाहीत. मग तो हिश्शाकडे वळला. चार वर्षांचं व्हेस्टिंग, म्हणजे हिस्सा चार वर्षांत थोडा थोडा हाती येणार, आणि एका वर्षाचा क्लिफ. वर्षाच्या आत कुणी सोडून गेलं तर त्याला काही मिळणार नाही, हा त्याचा अर्थ. क्लिफ म्हणजे कडा. मी जिथं बसले होते तिथून कडा चार हातांवर होता आणि धुक्यात दिसत नव्हता. मला हसू आलं, ते त्याला कळलं नाही.

बिनसलं ते पुढे. तो म्हणाला, प्रत्येक पक्ष्याला गुण ठेवू. कावळ्याला पाच, बुलबुलाला दहा, धनेशाला शंभर. मुलं खेळ म्हणून हिंडतील. मी म्हटलं, मग मुलं धनेशाच्या मागे लागतील. "तेच तर हवंय ना मॅडम," तो म्हणाला. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते आणि चोच जाईल एवढी फट ठेवते. पिल्लं वाढेपर्यंत तिचं सगळं नरावर. तो दिवसभर उंबर-वडाची फळं आणून त्या फटीतून भरवत राहतो. खाली शंभर गुणांसाठी दहा पोरं फोन वर करून उभी राहिली तर तो झाडावर उतरत नाही. आत ती आणि पिल्लं उपाशी. हे मी त्याला सांगितलं, पण ज्या आवाजात सांगितलं तो शाळेतला होता, छडी हातात असतानाचा. माणूस गप्प झाला. नंतर त्याचा सभ्य नकार आला. आज वाटतं, त्याला आधी एकदा ढोलीखाली नेऊन बसवायला हवं होतं. बैल बघितला आणि वेसणीला हात घातला, धन्याशी बोललेच नाही.

दुसरे शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी. हुशार, उत्साही, रात्रभर जागणारे. दोन महिन्यांत अ‍ॅप करून आणलं. मी जांभळाचं पान धरलं. अ‍ॅप म्हणालं, निलगिरी, आणि खात्री नव्वद टक्क्यांच्या वर. पोरं खजील झाली. मी खुश झाले, कारण दोन्ही एकाच कुळातली, त्यामुळे चूक अगदी परक्या घरातली नव्हती. पान चुरगाळून वास घ्या म्हटलं. चौघांनी घेतला. फोनला नाक नाही, हे त्यांना आणि मला एकदमच सुचलं. जूनमध्ये चौघांना बंगळूरला नोकऱ्या लागल्या. अ‍ॅप माझ्या कपाटात पेनड्राइव्हवर आहे.

एकीशी जमत आलं होतं, तिच्या नवऱ्याची बदली झाली.

त्या उन्हाळ्यात मी जरा खचलेच. कोल्हापूरला गेले की खासबागेच्या बाजूनं चालत जायची सवय आहे, आणि त्या चालण्यात मला नेहमी बाबूराव पेंटर आठवतात. या गावात शंभर वर्षांपूर्वी नेमकं हेच कुणीतरी शोधत होतं. बाबूराव मूळचे मेस्त्री. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमानं दोघांना झपाटलं. कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता, मग करूया, असं ठरलं. यंत्रात हात चालायचा तो आनंदरावांचा. आणि १९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा अर्धा राहिला. मला या कथेत त्यानंतरची दोन वर्षं सर्वांत जास्त खुणावतात, ज्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. टेबलावर अर्धवट यंत्र, ज्यानं ते मांडलं तो नाही, आणि उरलेला माणूस चित्रकार. मग शिष्यांतले विष्णुपंत दामले पुढे झाले आणि १९१८ मध्ये तो कॅमेरा चालला. तानीबाई कागलकरांनी पैशांचं पाठबळ दिलं. एका गायिकेच्या जिवावर सिनेमाची कंपनी निघाली, हेही कोल्हापुरातच घडू जाणे. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला.

पुढे दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर त्या कंपनीतून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांना पाचवा भागीदार घेऊन १ जून १९२९ ला ‘प्रभात’ काढली. बोलपट आल्यावर तिथे ध्वनीची बाजू दामल्यांनी सांभाळली. तेच दामले फत्तेलालांच्या जोडीनं ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित करतात, १९३६ मध्ये. म्हणजे यंत्रवाला कोण आणि कलावंत कोण? दामल्यांना कुणी तांत्रिक सहसंस्थापक म्हटलेलं मी वाचलेलं नाही. ते पडदे रंगवत होते, कॅमेराही जुळवत होते. आणि बाबूरावांच्या बोटांनाही रंगाबरोबर वंगण लागलेलं असणार. माझ्या बोटांना काय लागलं होतं? मी कडेला उभी राहून "तेवढं अ‍ॅप करून द्या" म्हणत होते. पैऱ्याला आले होते आणि माझा बैल घरीच बांधून ठेवला होता. हे तेव्हा मला कळलं असं मात्र नाही.

सप्टेंबरात मसाई पठारावर शिबिर होतं. त्यात उद्यमनगरचा एक कारखानदार मुलीला घेऊन आला होता. कारखानदार म्हणजे फार मोठा नव्हे. फाउंड्र्यांतल्या यंत्रांना लागणारी नियंत्रणं बसवून देणारा, त्यांचे प्रोग्राम स्वतः लिहिणारा. मुलगी दहा वर्षांची. वडिलांचा चेहरा ‘रविवार गेला’ असा. पठार तेव्हा निळं-जांभळं झालेलं असतं. जांभ्या दगडाच्या सपाटीवर मातीचा जेमतेम थर, त्यात पाणी मुरत नाही, साचतं, आणि त्या चिखलात सीतेची आसवं फुलतात. वीतभर दांडी, टोकाला निळा थेंब.

मी एकच रोप चिखलासकट बाटलीच्या झाकणात घेतलं. असं मी शिबिरात एकदाच करते आणि रोप पुन्हा जागेवर लावते. मुलीच्या हातात दहापट दाखवणारं भिंग दिलं. मुळांसारख्या धाग्यांवर मोहरीहून बारीक फुगे असतात. त्या पाणथळ चिखलात पोषण नाही, म्हणून हे रोप शिकार करतं. फुगा आपल्या आतलं पाणी बाहेर टाकत राहतो, त्याच्या भिंती आत चेपतात, आत दाब कमी होतो. तोंडावर एक दार, फक्त आतल्या बाजूला उघडणारं. दाराशी केस. एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की दार आत पडतं, पाण्याबरोबर जीव खेचला जातो आणि दार बंद. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत.

मुलगी बघत होती. वडील उभे होते ते गुडघ्यावर आले, मग सरळ पोटावर झोपले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. भिंग मुलीच्या हातातून घेतलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हा फूट व्हॉल्व्ह आहे, मॅडम."

आमच्या भागात विहिरीवर मोटर असलेल्या कुणालाही फूट व्हॉल्व्ह सांगावा लागत नाही. पाइपाच्या तळाला बसतो, पाणी आत घेतो, परत जाऊ देत नाही. अकरा वर्षं मी मुलांना हा फुगा ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणून सांगत आले होते. ऊसवाल्यांच्या पोरांना, ज्यांच्या घरी दर उन्हाळ्यात फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो म्हणून शिव्या घातल्या जातात. एकालाही मी हा शब्द वापरून सांगितलं नव्हतं. "दार कशानं परत लागतं? स्प्रिंग तर दिसंना," ते पुटपुटत होते. मुलगी म्हणाली, "पप्पा, माझी पाळी."

खाली येताना तीन दरवाजापाशी झुणका-भाकर खायला थांबलो. मावशींनी दह्याचं मडकं पुढं सरकवलं. पाऊस लागला होता, खर्डा झणझणीत होता, आणि मी न विचारता माझं गाऱ्हाणं सांगून टाकलं. कारखानदारांनी भाकरी मोडता मोडता पहिला प्रश्न विचारला तो असा: "अ‍ॅप हायतच की. परत कशाला?"

खरं होतं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या तीन विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्प म्हणून आयनॅचरलिस्ट केलं. त्यातला केन-इची उएदा ते चालवत राहिला, २०११ मध्ये स्कॉट लोरी हा परिसंस्थांचा अभ्यासक त्याला मिळाला, आणि आज तिथे जगभरातून वीस कोटींच्या वर नोंदी आहेत. तोही पैराच. कॉर्नेलचं मर्लिन पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगतं. आपल्याकडे कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी भारतीय फुलपाखरांचं संकेतस्थळ उभं केलंय. झाडांच्या पालवी-फुलोऱ्याच्या नोंदी मुलांकडून ठेवून घेणारा सीझनवॉच आहे. सगळं फुकट, सगळं माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं.

"मग तुमच्या पोरांला नाव पाहिजे, का बघायला पाहिजे?"

मी म्हटलं, बघायला. नाव कळलं की बरीच मुलं पुढच्या झाडाकडे पळतात, हे मी रोज बघते. आणि वस्तीवरच्या घरात फोन एकच, बापाकडे, तो येतो दिवेलागणीला. रानात मुलाच्या हातात फोन नसतोच. नाही तेच बरं.

"म्हंजे अ‍ॅप नकोच. नंबर पाहिजे."

छत्तीसगडमधल्या सीजीनेट स्वराची गोष्ट मला माहीत होती, पण ती बातम्यांची गोष्ट म्हणून मी बाजूला ठेवलेली. २०१० मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी संगणकशास्त्रज्ञ बिल थीस यांच्या साथीनं ते सुरू केलं. आदिवासी गावातला माणूस साध्या फोनवरून एका नंबरला बोलायचा, ते नोंदलं जायचं, इतरांना ऐकता यायचं. लिहिता-वाचता येण्याची अट नाही, महागडा फोन नको. पुढच्या दोन रविवारांत आमचं ठरलं ते त्याच धर्तीचं. मुलानं संध्याकाळी मिस्ड कॉल द्यायचा. उलटा फोन येतो. मूल एक मिनिट बोलतं: आज काय बघितलं. दुसऱ्या दिवशी परिपाठाला, प्रार्थना आणि दिनविशेष झाल्यावर, शाळेच्या स्पीकरवर ते सगळ्यांना ऐकवायचं. पडदा कुठंच नाही. चार शाळांपासून सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यातली मिनिटं ऐकण्यासारखी होती. निम्मी मुलं बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात बोलत होती. एका बापानं पाऊस कधी उघडणार ते विचारलं होतं. एका आजीनं नातवाचा फोन ओढून घेऊन पावशाबद्दल सांगितलं, ते तीन वेळा तुटलं, तिनं तीन वेळा पहिल्यापासून सांगितलं.

भांडण झालं ते नावांवरून. एक मूल भारद्वाज म्हणतं, दुसरं कुकुडकोंबा, तिसरं कुंभारकावळा. पाखरू एकच, लालसर पंखांचं, लाल डोळ्यांचं. पुस्तकी नावच ठेवा, असं कारखानदारांचं म्हणणं, नाहीतर मोजणार कसं? मी हटून बसले. मारुती चितमपल्लींनी कावळ्यांच्या वसाहतीला काकागार आणि बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार असे शब्द घडवले, रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द आयुष्यभर गोळा केले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या भाषेत राहून मी मुलाचा कुकुडकोंबा खोडायचा? दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन: "बाई, नावं हजार असू देत. नंबर एक पाहिजे. पाखराला नंबर द्यायचा, नावं सगळी त्या नंबराला टांगायची." मुलीचं ऐकून तेही आता मला बाई म्हणत होते. मी म्हटलं, हे तर लिनियसनं केलंय. नंबराच्या जागी लॅटिन ठेवलं एवढंच. "कुठल्या गावचा?" त्यांनी विचारलं. आमच्या यादीत कुकुडकोंबा ४१ नंबरवर आहे, खाली सात नावं टांगलेली.

या सगळ्यात एक गोष्ट मी टाळत होते. पैऱ्यात दुसऱ्याच्या रानावर जायचं असतं. त्यांनी एकदा सरळच विचारलं, "तुम्ही माझ्याकडे कधी येणार?" मी उद्यमनगरला गेले. पुढे भट्टीचा उजेड, मागे पत्र्याच्या खोलीत दोन संगणक, टेबलावर चहाचे गोल डाग. मला वाटलं ते मला काही दाखवणार. त्यांनी मला माझ्याच वह्या उघडायला लावल्या. अकरा वर्षांच्या, पाऊस लागून फुगलेल्या. तारीख, जागा, दिसलेले पक्षी. त्या ते रकान्यांत भरत होते.

"१४ ऑगस्टला पुसाटीवर नवरंग लिहिलाय. २१ ला नाही. २१ ला नव्हता, का तुम्ही गेला नव्हता?"

मला आठवेना. "का गेला होता, पण बघितलं नाही?"

मी गप्प. "हे तीन वेगळे आहेत, बाई. नव्हता म्हंजे शून्य. गेला नाही म्हंजे रिकामं. आमच्या मशीनवर शून्य आणि रिकामं एक धरलं तर भट्टी उडंल." त्यांनी वही मिटली नाही, पानं उलटत राहिले. प्रत्येक पानावर मी जे दिसलं तेच लिहिलं होतं. जे बघायला गेले आणि दिसलं नाही, त्याची एकही ओळ नाही. पाखरू कमी झालंय असं मी भाषणांतून सांगत होते. माझ्या वह्यांवरून ते कुणालाच, मलासुद्धा, दाखवता येणार नव्हतं. विज्ञान शिकवत होते मी. त्या पत्र्याच्या खोलीत मला शाळेत फळ्याजवळ उभं केलेल्या मुलासारखं झालं.

तेव्हापासून मी बुधवारी दुपारी तिथं जाते. आलेली मिनिटं ऐकून रकाने भरते. शून्य कुठं घालायचं, रिकामं कुठं सोडायचं, हे आता हाताला कळतं. परिपाठात शिक्षकांना आम्ही एक वाक्य जास्त सांगायला लावलं: बघायला गेलात आणि काही दिसलं नाही, तरी फोन करा.

डिसेंबरात एका धनगरवाड्यावरून तिसरीतल्या मुलाचा फोन आला. मागे शेळ्यांची गडबड, कुणीतरी भांडी आपटतंय. तो म्हणाला, "बाई, मी आज तळ्यावर गेल्तो. लई येळ बसलो. काय नव्हतं." मग फोन ठेवायचा कसा ते न कळल्यामुळे उरलेलं मिनिट नुसतं शेळ्यांचं. मी रकान्यात शून्य घातलं. शेजारच्या संगणकावरून त्यांनी मान वळवून बघितलं आणि चहा सांगितला.

कंपनीचे कागद अजून व्हायचेत. हिश्शाचा आकडा आम्ही निम्मा-निम्मा ठेवलाय, त्यावर वाद नाही. वाद दुसऱ्या कलमावर आहे. कोण किती वेळ देणार तिथे मी लिहिलं होतं, ‘दोघांनी पैऱ्याने काम करायचे.’ वकील सांगलीचे, पण आयुष्य मुंबईत गेलेलं. त्यांचा फोन आला, "ताई, हा शब्द कायद्यात बसत नाही. व्याख्या द्या." मामंजींना विचारलं. ते अंगणात खाटेवर पडून होते. म्हणाले, "व्याख्या कशाला? न्हाई जमलं तर बैल सोडून न्यायचा." ते कलमात घालता येईना. मसुदा परत आलाय; त्या शब्दाभोवती वकिलांनी पेन्सिलीनं गोल केलाय आणि समासात प्रश्नचिन्ह.